हुंकार देणारा

२ नोव्हेंबर, रविवार

आज बोईसरला आले आणि आजच रोजनिशी सुरू केली. एका दिवसात दोन नव्या गोष्टी, माझ्या मानानं हा विक्रमच म्हणायचा.

रोजनिशीचा हुकूम अनुजचा. हा अनुज माझा कोणी लागत नाही. 'रोज वीस मिनिटं' नावाचा पॉडकास्ट आहे, त्यावर बोलणारा तो माणूस. पहिली दहा मिनिटं इतिहास, नंतरची दहा मिनिटं स्वतःला कसं सुधारावं. रोज सकाळी सहाला नवा भाग येतो. दीड वर्षात मी एकही चुकवला नाही. सुधारले किती, ते मात्र विचारू नये. त्याचं म्हणणं, नव्या गावात पाऊल टाकलं की पहिल्याच दिवसापासून लिहायला लागा. सदतिसाव्या वर्षी मला हुकूम सोडणारं आईशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून याचं ऐकते.

इतिहास मला राज्यसेवेसाठी हवा. दरवेळी त्याच विषयात माती खाते. हा शेवटचा प्रयत्न, पुढच्या वर्षी वयाची अट संपते. खरं तर मोठी अधिकारी वगैरे व्हायची हौस आता ओसरली आहे. नुसतं पुढं काहीतरी घडावं, एवढीच इच्छा. जन्म हिंगोलीत, शिक्षण परभणीत, मग संभाजीनगरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं. तो बंद पडला, मग दादा-वहिनीच्या घरातली मधली खोली. तिथं दोन वर्षं हिमानीबाईंची, म्हणजे माझी, गोष्ट अडकून पडली होती. आता इथल्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणजे गाडं हललं.

खोली बोईसरला लागून असलेल्या सरावलीत आहे. घरमालकीण मंजुळामावशी, साठीच्या, बारक्या पण काटक. मूळच्या जव्हारकडच्या, डोंगरातल्या. नवरा हमालीला इथं उतरला आणि इथलाच झाला. तीन वर्षांपूर्वी तो वारला. पुढच्या दोन खोल्यांत मावशी एकट्या राहतात, मागची खोली माझी. खिडकीतून दोन ताड आणि एक धुराडं दिसतं. कोपऱ्यात एक जुना सागवानी पाट आहे. मावशी म्हणाल्या, तो राहू दे तितंच, बाय, त्यावर बसू नको. मी म्हटलं, माझे गुडघे पाहता तो प्रश्नच येत नाही. मग मी फार बोलते का, कोणी येणारं-जाणारं आहे का, हे त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मी अगदी मुकी गाय आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आईनं हे ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नोकरी बरी आहे. प्रत्येक घाण्यातला नमुना येतो, आम्ही त्याचा रंग ठरलेल्या रंगाशी ताडून बघायचा आणि शिक्का मारायचा. दिवसभर निळा आणि फक्त निळा. घरी येऊन नाक शिंकरलं तर तेही निळं.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारी दीपाली असते. सातपाटीची, पंचवीस-सव्वीसची, तोंडाची टकळी बंद म्हणून नाही. तिची आई मासळी विकते, वडील आणि भाऊ बोटीवर. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मराठवाड्याच्या माणसाला सुका बोंबील एकदम पचत नाही हे तिला माहीत नसावं. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि छान आहे म्हटलं. ती म्हणाली, खोटं बोलताना तुजे कान हलतात, ताई.

संध्याकाळी वारा कारखान्यांकडचा असला की हवेला एक गोडसर वास येतो आणि घसा खवखवतो. मावशी म्हणतात, म्हैनाभरात येनार नाय. म्हणजे वास जाणार नाही, मला तो यायचा थांबेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळची घडी बसली. सहाला उठायचं, चहा टाकायचा, पॉडकास्ट लावायचा आणि ऐकता ऐकता डबा करायचा. कानात इअरफोनच्या बोंड्या घालून भाकरी थापता येत नाही, एक सारखी पिठात पडते. म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावते. ठेवायला जागा नव्हती, तेव्हा कोपऱ्यातला तो पाट कामाला आला. बसू नको म्हणाल्या होत्या, फोन ठेवू नको असं काही म्हणाल्या नव्हत्या.

आज वसईची मोहीम होती. १७३९, पोर्तुगीज, तारापूरचा किल्ला. जिथं आपण राहतो तिथलं काही निघालं की उगाच छाती फुगते. नंतरच्या दहा मिनिटांत अनुजनं सांगितलं, की ज्ञान नुसतं ऐकून मुरत नाही, त्याला प्रतिसाद द्यावा लागतो. तो वाक्य संपलं की थांबतो, अगदी शिक्षकासारखा. त्या थांबण्यात हल्ली कोणाचं तरी 'हं' ऐकू येतं. पूर्वी नव्हतं. बहुधा समोर कोणाला तरी बसवून बोलायला लागला असावा. बरं वाटतं ते. गोष्टीला हुंकार असला की गोष्ट जिवंत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा भाग १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचा. वेठबिगारी, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, सावकारांचे वाडे. भाकरी करपली तरी मी हलले नाही. तो हुंकार देणारा माणूसही आज रंगात आला होता. एरवी वसई-सोपाऱ्याला नुसतं 'हं' म्हणतो, आज 'हं... हं... हं' असं, घाईघाईनं, जणू पुढचं त्याला माहीत होतं आणि तरी ऐकायचं होतं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा आहे, थोडा घोगरा.

दुपारी दीपालीला तो भाग ऐकवायला घेतला. तिच्या कानात एक बोंडी, माझ्या कानात एक. अनुज बोलला, थांबला, बोलला, थांबला. मध्ये काहीच नाही. फोनमध्ये काही सेटिंग असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीतच आहे तो आवाज. मागच्या भिंतीच्या बाजूनं येतो असं वाटतं. म्हणजे शेजारच्या चाळीतलं कोणीतरी म्हातारं माणूस सकाळी माझा पॉडकास्ट ऐकत बसतं. पत्र्याच्या आणि विटांच्या घरांत कोणाचं काय लपतं? आवाज कमी करावा का, असा विचार केला, पण नाही केला. ऐकू दे बिचाऱ्याला. फुकटात इतिहास पदरात पडतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून सात दिवस नवा स्वाध्याय. अनुजनं सांगितलं, की जगाचा इतिहास शिकता, स्वतःचा कधी शिकलात का? रोज संध्याकाळी, जन्मापासून सुरुवात करून, आपली गोष्ट मोठ्यानं सांगा. 'मी' न म्हणता नाव घेऊन सांगा. आजवरचं सगळं नीट सांगून झालं की पुढचं प्रकरण आपोआप दिसायला लागतं.

आधी लाज वाटली. मग दार लावून, भाजी निवडता निवडता सुरू केलं. हिंगोलीत एक मुलगी जन्माला आली, तिचं नाव हिमानी ठेवलं, तिथं बर्फ कोणी बघितला नव्हता तरी. 'हं.'

मी थांबले. हसूच आलं. पुढं सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला हुंकार आला, जिथं यायला हवा बरोबर तिथं. बाबांची शाळेतली नोकरी सांगितली, ते गेले तो उन्हाळा सांगितला. तेव्हा हुंकार हळू आला. मी पाऊण तास बोलले. भाजी निवडून केव्हाच झाली होती.

लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. माझं कोणी इतका वेळ ऐकलंच नव्हतं. आई ऐकते ती मध्येच स्वतःचं सांगायला. दादा ऐकतो तो फोन बघत. भिंतीपलीकडच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले. आज फार शांत वाटतं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत परभणीचं वसतिगृह, पहिली नोकरी, मोडलेलं लग्न, सगळं सांगून झालं. ते मोडलेलं लग्न मी आईलाही नीट सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

आज सांगत असताना आईचा फोन आला. मी उचलला आणि गावाकडचं काही बोलत होते, तर आईनं मला मध्येच तोडलं. मग विचारलं, तुझ्या खोलीत कोण पुरुष आहे? मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणे, मला बहिरी समजतेस का, हं हं म्हणतोय तो कोण? मी शेजारच्या भिंतीचं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. वीस मिनिटं बोलणी खाल्ली. सदतिसाव्या वर्षी आईनं संशय घ्यावा आणि आपण खुश व्हावं, अशी माझी गत.

पण फोन ठेवल्यावर विचार आला. भिंतीपलीकडचा आवाज फोनमधून हिंगोलीपर्यंत कसा जाईल?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी कामावर जाण्याआधी घराला वळसा घालून मागं गेले. मागच्या भिंतीला लागून चाळ नाही. कोणतंच घर नाही. रिकामा तुकडा आहे, त्यात रानतुळस माजली आहे आणि पलीकडं नाला.

काल मी दीड तास कोणाला सांगत होते?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज पॉडकास्ट लावला नाही, स्वाध्याय केला नाही. दीड वर्षात पहिल्यांदा. मुकाट्यानं भाकरी केली.

तवा उतरवला तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. 'हं' नव्हे. विचारल्यासारखं, अगदी मायेनं: 'मंग?'

पाटाच्या दिशेनं. पाट रिकामा होता.

मी चपला हातात घेऊन पळाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

रात्र मावशींच्या पुढच्या खोलीत काढली. सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, फोन कुठं ठेवायचीस. पाटावर म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि रडायला लागल्या.

त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहून ठेवते.

त्यांच्या घराण्यात माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याच्या नावानं पाट मांडतात. जाणता माणूस येऊन पाटासमोर बसतो आणि गेलेल्याला त्याचीच गोष्ट सांगतो. कोणाच्या पोटी आलास, कोणत्या पाड्यावर वाढलास, काय कमावलंस, कसा गेलास. मेलेल्याला आपला इतिहास माहीत नसतो, तो ऐकल्याशिवाय त्याला वाट सापडत नाही. मृताच्या वतीनं घरातला एकजण हुंकार देतो. शेवटी जाणता म्हणतो, तुजी गोष्ट पुरी झाली. हुंकार देणारा म्हणतो, पुरी. मग पाट पालथा घालतात आणि गेलेला उठून जातो.

मावशींचा नवरा रामा गेला तेव्हा सांगणारा जिव्या भगत डोंगरात अंथरुणाला खिळलेला. त्याला इथं आणणं शक्य नव्हतं. धाकटा दीर चिंतू हुशार, तो वर गेला आणि जिव्याचं सांगणं मोबाईलमध्ये भरून आणलं. पाचव्या दिवशी मोबाईल पाटावर ठेवून चालू केला. सगळ्यांना कौतुक वाटलं. रामाचं लग्न झालं, रामा बोईसरला उतरला, इथपर्यंत गोष्ट आली आणि बंद पडली. मोबाईलमधली जागा भरली होती, पुढचं भरलंच गेलं नव्हतं. चिंतू परत वर पळाला, तोवर जिव्या गेलेला. बाकीचं रचून सांगायला कोणी तयार होईना.

म्हणून तो बसून हाय, मावशी म्हणाल्या. मोबाईलमधनं गोष्ट येईल म्हनून बसून हाय.

मी विचारलं, आधीच्या भाडेकरूंना काही झालं नाही? आधी हिंदी बोलणारी चार पोरं होती, दिवसभर मोबाईल चालू, पण त्याला हिंदी कळत नव्हती. मराठी बोलणारी मी पहिली. एकटी बाई, बोलणार कोणाशी, असं मावशींना वाटलं. आणि खरं सांगू का, बाय, त्या म्हणाल्या, तू आल्यापासनं तो माज्या उंबऱ्यात येऊन बसायचा थांबला.

मला राग यायला हवा होता. पण त्या इतक्या रडत होत्या, की मीच त्यांना पाणी दिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशींनी चिंतूला बेटेगावहून बोलावलं. हे पन्नाशीचे गृहस्थ, एका गोदामावर राखणीला असतात. आल्यापासून माझ्याकडं बघत नव्हते. दोघांनी मिळून रामाची उरलेली गोष्ट जमेल तशी पुरी करायचं ठरवलं. निदान आता तरी. दुपारी पाटासमोर बसले. रामानं गोणी वाहिल्या, रामानं ही खोली बांधली, रामाला खोकला लागला, रामा गेला. तुजी गोष्ट पुरी झाली.

मावशी पुरी म्हणाल्या, पण पाटाकडून हुंकार नाही. चिंतूंनी पाट पालथा घातला. आम्ही तिघं बाहेर पडणार, तेवढ्यात पालथ्या पाटाखालून आलं: 'मंग?'

मावशींनी मला दाराबाहेर ओढलं आणि म्हणाल्या, त्याला आता त्याची गोष्ट नको. तुजी चाललीय.

मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, जित्या मानसानं आपली गोष्ट त्याच्यासमोर सुरू करू नये, बाय. सुरू केली की पुरी करावी लागते.

जित्या माणसाची गोष्ट कुठं पुरी होते? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सामान दोन पिशव्यांत भरलं आणि पालघरला स्टेशनजवळच्या एका लॉजवर आले. मावशींनी अडवलं नाही. लॉज गोंगाटाचं आहे, खाली वडापावची गाडी, दिवसभर रिक्षांचे हॉर्न. मला गोंगाटच हवा होता.

सकाळी दात घासताना आरशात बघितलं. मागं कोणी नव्हतं. आवाज मात्र अगदी कानाशी आला.

पाटाची गरजच उरलेली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रयोगशाळेत दीपालीनं विचारलं, ताई, हल्ली गप्प का? मी म्हटलं, बरं वाटत नाही. एवढंच. तेवढ्याला मागून 'हं' आलं.

दीपालीनं वळून पाहिलं. मग माझ्याकडं. तिला ऐकू गेलं होतं. संध्याकाळी ती मला हट्टानं सातपाटीला घेऊन गेली. तिच्या आईनं दारात थांबवून माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, गरम भात वाढला, कालवण वाढलं. त्या घरात चार माणसं एकदम बोलत होती, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. मला तिथंच राहावंसं वाटलं. तेवढ्यात दीपालीच्या आईनं जेवता जेवता विचारलं, पोरी, तुजं गाव कंचं, घरी कोन कोन हाय?

घास तोंडात तसाच राहिला. मी उत्तर दिलं नाही. सगळं घर गप्प झालं आणि त्या गप्पपणात त्यानं विचारलं, मंग? त्यांच्या घरात. लेकराबाळांत.

दीपालीच्या आईनं मला बोल लावला नाही. नुसतं ताट उचललं. मी उठले.

२ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा सरावलीत. निदान इथं कोणाच्या पोरांना ऐकू जात नाही.

मावशी दोन वेळचं जेवण दारात ठेवतात. आत येत नाहीत.

दादाला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. दोन वाक्यं बोलले. ती माझ्याच गोष्टीतली वाक्यं होती, त्यामुळं हुंकार आला. दादा म्हणाला, आई म्हणत होती ते खरं तर. आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर, गुरुवार

आईचा रोज फोन येतो. ती रुसून बोलते, पण बोलते. मी माझं काही सांगत नाही. नुसतं हं म्हणते. आज ती म्हणाली, पूर्वी किती बडबड करायचीस गं.

आई, ऐकणारा भेटला म्हणून बोलले. एवढंच चुकलं.

६ डिसेंबर, शनिवार

बऱ्याच दिवसांनी अनुजला लावलं. माणसाचा आवाज हवा होता. तो म्हणत होता, मित्रांनो, पुढचं प्रकरण तुमच्याच हातात आहे. वाक्य संपवून थांबला.

हुंकार नाही. त्याच्या कोणत्याच वाक्याला नाही. अनुजचं आता कोणी ऐकत नाही.

फोन बंद केल्याबरोबर — मंग?

८ डिसेंबर, सोमवार

कामावरून पत्र आलं, चार दिवस गैरहजर म्हणून. चार? मला वाटलं एकच दिवस.

गप्प राहिलं तर तो दर मिनिटाला विचारतो. सांगितलं तर तेवढा वेळ शांत राहतो. म्हणून सांगते. संभाजीनगरची अकरा वर्षं दिवस दिवस करून सांगते, डब्यात काय होतं तेही. जितकं लांबवता येईल तितकं. पण माझ्या आयुष्यात इतकं कुठं काय घडलं आहे? दोन वर्षांची मधली खोली तासाभरात संपली.

१० डिसेंबर, बुधवार

बोईसरला उतरले इथपर्यंत आले. मावशी आल्या. दीपाली आली. निळा रंग —

तो आता जवळ बसतो. चटईची कड दबलेली दिसते.

१२ डिसेंबर

आज सकाळच्या चहापर्यंत सांगून झालं. चहा प्याला ते सांगितलं. सांगते आहे ते सांगितलं. मागं काही उरलं नाही. आता त्याला पुढचं हवं.

मावशी दाराबाहेरून म्हणाल्या, बाय, शेवट सांग आनि मोकळी हो. चांगला सांग. तुज्या तोंडातच हाय.

खरंच की. शेवट मीच सांगायचा आहे. हे आधी कसं सुचलं नाही? सकाळी नीट जुळवून —

१३ डिसेंबर

सांगितलं: मग हिमानी परीक्षा पास झाली.

हुंकार नाही. मंग?

मग हिमानी आईकडे गेली, आईनं तिला पोटाशी धरलं.

मंग?

मग तिला कोणी भेटलं नाही, काही झालं नाही, पण ती कारखान्यात रोज जात राहिली, म्हातारी झाली. एवढंच. एवढं तरी.

मंग?

खोट्याला तो हुंकार देत नाही. दुपारपर्यंत मी वीस शेवट सांगितले, एकाहून एक लहान. निदान खिडकी उघडली, असं सांगितलं. तेही नाही. रडून रडून घसा बसला तेव्हा सहज तोंडातून गेलं, मग ती त्याच खोलीत बसून राहिली.

हं.

इतक्या समाधानानं म्हणाला —

नाही. मी हे असं नव्हतं ठरवलं. मला पुढं काहीतरी हवं होतं. काहीही चाललं असतं —

तारीख नाही

मग तिनं दारातलं ताट आत घेतलं नाही. हं.

मग मावशींनी हाका मारल्या. हं. मग त्या थांबल्या. हं.

फोन वाजतो आहे. आई. दोन हातांवर आहे फोन. मग ती उठली, म्हटलं मी. मोठ्यानं म्हटलं. मग ती उठली. मग ती उठली —

मंग? मंग? मंग?

मग ती उठली नाही.

हं.

फोन वाजायचा थांबला. पाय कुठं आहेत ते कळत नाही. हात तेवढा अजून — हात माझा आहे, लिहितो आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही, हे सांगणार नाही, हे एवढं माझं —

बोलले मी. मोठ्यानं बोलले. मग तिचा हा